प्लेगच्या सालांतील वृत्तपत्रें : साधन म्हणून त्यांची पारख

जुन्या दप्तरांचे रुमाल सोडतांना एक गोष्ट आमच्या नजरेस वारंवार येते. आंत मोडी कागद नीट घडी घालून ठेविलेले असतात; प्रत्येक चिठ्ठीवर संग्राहकानें तिथि, लेखकाचें नांव व सारांश टिपलेला असतो; आणि त्या कागदांस ओल व कसर लागूं नये म्हणून खालीं-वर जीं वेष्टनें घातलेलीं असतात, तीं कोणत्या तरी जुन्या वृत्तपत्राचीं पानें असतात. चिठ्ठीची नक्कल होते, ती टीपांसह प्रसिद्ध होते. वेष्टन मात्र टाकून दिलें जातें. हस्तलिखित तेवढें साधन आणि छापील ती रद्दी, अशी ही समजूत आहे. संग्राहकांत ही समजूत जितकी दृढ, तितकीच दुसरी एक समजूत लेखकांत दृढ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकाविषयीं कोणी लिहावयास बसला, कीं तो 'केसरी'तील एक वाक्य कापून घेतो, त्यास अवतरणचिन्हें लावितो, आणि अमुक गोष्ट अशी घडली असा निर्णय देऊन मोकळा होतो. तें वाक्य अग्रलेखांतील कीं बातमीपत्रांतील, संपादकाचें कीं बाहेरच्या पत्रलेखकाचें, घटनेच्या दुसऱ्या दिवशींचें कीं दोन महिन्यांनंतरचें, हें तो सांगत नाहीं. आणि वाचकही विचारीत नाहीं.

एका पक्षाची ही उपेक्षा व दुसऱ्याचा हा भाबडेपणा, हीं दोन्ही एकाच उणिवेचीं फळें होत. वृत्तपत्र हें साधन म्हणून कसें पारखावें, याचा विचार आपण पुरेसा केलेला नाहीं. तो करण्यास १८९६ सालीं सुरू झालेल्या प्लेगच्या साथीइतकें योग्य प्रकरण दुसरें आम्हांस दिसत नाहीं. कारण त्या वर्षांत वृत्तपत्रांनीं दोन कामें एकदम अंगावर घेतलीं होतीं : लोकांच्या आरोग्याचा कैवार घेणें हें एक, आणि वैद्यकाच्या धंद्यांतील माणसांची बाजू लोकांपुढें व सरकारापुढें मांडणें हें दुसरें. कैवार घेणारा हा साक्षीदारही होऊं शकतो काय, आणि होत असल्यास त्याची साक्ष कितपत घ्यावी, हाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं बाहेर पडला. पानिपतपूर्व काळांतील अस्सल पत्रें पुढें ठेवून, त्यांच्या कसोटीवर बखरींतील प्रमाद त्यांनीं दाखवून दिले, व तेव्हांपासून बखर आणि अस्सल कागद यांतील भेद महाराष्ट्रांत सर्वमान्य झाला. हा खंड निघाला त्या वेळीं प्लेग मुंबई इलाख्यांत ठाण मांडून बसला होता. ज्या काळानें आपणांस ही कसोटी दिली, त्याच काळाच्या छापील कागदांस ती लावण्याचें आपण राहून गेलों, हें आश्चर्य होय.

प्रथम बाह्य पारख. या बाबतींत वृत्तपत्र हें बखरीहून, किंबहुना पुष्कळशा मोडी पत्रांहूनही सुदैवी आहे. बखरीचा लेखक व काळ ठरवितांना संशोधकाचें आयुष्य जातें; मोडी पत्रावर चंद्र असतो, पण साल नसतें. उलट, १८६७ सालच्या छापखान्यांविषयींच्या कायद्यानें प्रत्येक वृत्तपत्रावर मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव आणि ठिकाण छापणें बंधनकारक केलें होतें, व तारीख तर मथळ्यावरच असते. म्हणजे कोठें, केव्हां व कोणाच्या जबाबदारीवर, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें कागद हातीं घेतांच मिळतात. पुण्यांत १८४९ पासूनचा 'ज्ञानप्रकाश', १८८१ पासूनचे 'केसरी' व 'मराठा', आणि १८८८ पासूनचा 'सुधारक' अशीं भिन्न मतांचीं पत्रें एकाच शहरांत निघत असल्यामुळें, एकाची दुसऱ्याशीं ताडून पाहण्याची सोयही आहे.

खरी अडचण अंतर्गत पारखेंत येते. वृत्तपत्राचा एक अंक हा एक कागद नव्हे. तो एका रुमालांत बांधलेला अनेक कागदांचा गठ्ठा होय. त्यांत अग्रलेख असतो, तो वकिलाच्या भाषणासारखा. बातमी असते, ती कधीं डोळ्यांनीं पाहिलेली तर कधीं कानांवर आलेली. सहीचें पत्र असतें, तें जबानीच्या जवळ जातें. टोपणनांवाचें पत्र असतें, त्याची किंमत निराळी. सरकारी जाहीरनामा असतो, तो हुकूम काय होता हें सांगतो, अंमल काय झाला हें सांगत नाहीं. शेवटीं जाहिराती असतात. आणि भीति किती पसरली होती हें त्या न बोलतां सांगतात. हे सहा कागद एकाच तारखेचे, एकाच छापखान्याचे असले तरी सहांचें वजन एक नाहीं. दप्तरांत सनद, महजर, याद व जमाखर्च एकत्र बांधलेले सांपडले म्हणून आपण त्यांस एकाच मापानें मोजतों काय?

आरोग्य व धंदा यांची अशी एकत्र वकिली करण्याची रीत येथें उपजली नाहीं; ती इंग्लंडांतून आली, व तिचें मूळ पाहिल्याशिवाय येथील प्रकार नीट समजत नाहीं. टॉमस वॅक्ली या शस्त्रवैद्यानें लंडनांत ऑक्टोबर १८२३ मध्यें 'लॅन्सेट' हें साप्ताहिक काढलें. रुग्णालयांतील जागा नात्यागोत्यानें भरल्या जातात, व त्याची शिक्षा रोग्यास भोगावी लागते, हा त्याचा मुख्य आरोप. १८२८ सालीं एका नामांकित रुग्णालयांतील शस्त्रक्रिया कशी फसली याची हकीकत त्यानें छापली, व त्याबद्दल त्याजवर अब्रूनुकसानीचा दावा झाला. पुढें १८५१ पासून त्यानें आर्थर हिल हॅसल यांजकडून बाजारांतील खाद्यपदार्थांची सूक्ष्मदर्शकाखालीं तपासणी करविली, आणि भेसळ करणाऱ्या दुकानदारांचीं नांवें पत्त्यांसह प्रसिद्ध केलीं. तेव्हां १८५५ सालीं पार्लमेंटची चौकशी-समिति नेमली गेली, व १८६० सालीं भेसळीविरुद्धचा पहिला सर्वसाधारण कायदा झाला. येथें ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही, कीं वॅक्ली हा तटस्थ नव्हता. तो कडवा पक्षकार होता. तथापि नमुना कोठून घेतला, त्यांत काय आढळलें, व विकणारा कोण, हें तो छापीत असल्यामुळें त्याच्या विधानाचा पडताळा कोणासही पाहतां येई. पक्षपात व पुरावा एके ठिकाणीं नांदूं शकतात, याचें हें उदाहरण होय. पुढील सर्व विवेचनांत हीच कसोटी आम्हीं वापरणार आहों : पत्र कोणत्या पक्षाचें हें नव्हे, तर पडताळ्याची वाट त्यानें उघडी ठेविली कीं नाहीं, हें पाहावयाचें.

आतां मुंबईकडे वळूं. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांतील रोग्यांस जो ताप येत होता तो गांठीचा प्लेग होय, असें निदान डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनीं केलें. हे गृहस्थ मूळचे गोव्याचे, मुंबईंत धंदा करणारे, व महानगरपालिकेचे सभासद होते. शहराच्या व्यापारास बट्टा लावणारें हें निदान सर्वांस एकदम रुचण्यासारखें नव्हतें. अधिकाऱ्यांच्या लिहिण्यांत आरंभीं 'गांठीचा ताप' असाच सौम्य शब्द येई. 'प्लेग' हा शब्द मागाहून रूढ झाला. मराठींत तर 'गांठीचा ताप', 'ग्रंथिक सन्निपात', 'महामारी' व 'प्लेग' हे चारही शब्द चालले. कोणत्या पत्रानें कोणत्या तारखेस कोणता शब्द टाकून कोणता घेतला, याची नुसती यादी कोणी केली, तरी रोग आहे हें कबूल करण्यास कोणास किती दिवस लागले, याचा लेखी पुरावा तयार होईल. तो सरकारी अहवालांत मिळणार नाहीं. गॅटेकर यांचा मुंबईविषयींचा, कौचमन यांचा इलाख्याविषयींचा व नेथन यांचा सर्व हिंदुस्थानाविषयींचा, हे तिन्ही अहवाल १८९७-९८ या सालांतले, म्हणजे निदान ठरल्यानंतरचे. आणि मागाहून लिहिणारास आरंभींची घालमेल आठवत नाहीं, हा बखरकारांविषयीं आपणांस आलेला अनुभव येथेंही लागू पडतो.

पुण्याचें प्रकरण याहून बिकट. साथीच्या रोगांचा कायदा ता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं मंजूर झाला. (याच कायद्याचा आधार २०२० सालीं करोनाच्या साथींत देशभर घेण्यांत आला, हें वाचकांस स्मरत असेलच.) त्याअन्वयें पुण्यांत वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग कमिटी बसली. मार्चच्या मध्यापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत गोऱ्या सोजिरांकडून घरोघर झडत्या झाल्या. रोग्यांस रुग्णालयांत व सोबतच्यांस निराळ्या छावणींत नेण्यांत आलें. सामान जाळण्यांत आलें. ता. २२ जून रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांजवर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागींच ठार झाले, रँड ता. ३ जुलै रोजीं वारले. हें सर्व सुविदित आहे. प्रश्न आहे तो झडत्यांत काय घडलें याचा.

या प्रश्नावर आपणांपुढें दोन ढीग आहेत. एक सरकारी अहवालांचा : बंदोबस्त कडक पण सभ्य होता, एतद्देशीय गृहस्थांस बरोबर येण्याची विनंती केली होती, तक्रारी थोड्या व अतिशयोक्तीच्या, असें तो सांगतो. दुसरा वृत्तपत्रांचा : देवघरें व स्वयंपाकघरें विटाळलीं, वस्तू गेल्या, स्त्रियांचा उपमर्द झाला, असें तो सांगतो. पुष्कळ लेखक आपल्या कलाप्रमाणें एक ढीग उचलतात व दुसरा सोडून देतात. आमच्या मतें दोन्ही ढीग पक्षकारांचे आहेत, आणि म्हणूनच त्यांतील कबुलीजबाब अधिक मोलाचे. 'केसरी'नें झडत्यांवर कडक टीका केली, यांत नवल नाहीं. परंतु रोग्यांस निराळें ठेवण्याची आवश्यकता त्या पक्षानें नाकारली नाहीं, आणि टिळकांनीं पुण्यांत राहून हिंदूंसाठीं प्लेगचें रुग्णालय उभारण्यांत पुढाकार घेतला. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांस त्याच पत्रानें दोष दिला. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर 'केसरी'शीं हाडवैर असलेल्या 'सुधारक'नेंही झडत्यांच्या रीतीचा निषेध केला. जे दोन साक्षीदार एरवीं एकमेकांचें म्हणणें खोडण्यास टपलेले, ते एका गोष्टीवर एक होतात, तेव्हां त्या गोष्टीस वजन येतें. झडत्या असह्य रीतीनें झाल्या, एवढें आम्ही त्यावरून सिद्ध समजतों. अमुक घरीं अमुक दिवशीं अमुक घडलें, हें मात्र त्यावरून सिद्ध होत नाहीं. त्यास निराळा पुरावा पाहिजे.

हा निराळा पुरावा मागण्याची वेळ एका थोर पुरुषावर आली, आणि तें प्रकरण प्रत्येक संशोधकानें मनन करण्यासारखें आहे. गोपाळ कृष्ण गोखले १८९७ सालीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्याकरितां विलायतेंत होते. पुण्याहून स्नेह्यांनीं पाठविलेल्या पत्रांच्या आधारें त्यांनीं 'मँचेस्टर गार्डियन' पत्रास सांगितलें, कीं सोजिरांनीं दोन स्त्रियांवर बलात्कार केला व त्यांपैकीं एकीनें पुढें आत्महत्या केली. मुंबई सरकारानें हें साफ नाकारलें. जुलैअखेर गोखले परत आले, त्यांनीं पुरावा शोधला, तो उभा करतां येत नाहीं असें दिसतांच ऑगस्टमध्यें जाहीर क्षमा मागितली, व पत्रें लिहिणारांचीं नांवें उघड केलीं नाहींत. या क्षमायाचनेवरून स्वदेशांतही त्यांजवर टीका झाली.

या प्रकरणावरून दोन प्रकारचे लेखक दोन टोकांचे निष्कर्ष काढतात. एक म्हणतो, क्षमा मागितली तेव्हां सर्व तक्रारी खोट्या. दुसरा म्हणतो, क्षमा दडपणाखालीं मागितली तेव्हां मूळचें विधान अक्षरशः खरें. दोन्ही निष्कर्ष शास्त्रास सोडून आहेत. गोखल्यांचें विधान ऐकीव होतें. ज्या पत्रांवर तें उभें होतें तीं छापलीं गेलीं नाहींत. म्हणून पडताळ्याची वाट बंद होती, आणि तें सिद्ध मानतां येत नाहीं. परंतु सिद्ध न होणें म्हणजे न घडणें नव्हे. त्या काळीं अशा गोष्टीची जबानी देणें म्हणजे घराण्याच्या अब्रूचा प्रश्न. आणि जून महिन्यानंतर तर पुण्यांत पोलिसांचा ससेमिरा प्रत्येक बोलणाऱ्याच्या पाठीशीं लागलेला. अशा वेळीं साक्षीदार पुढें आला नाहीं, यावरून घटनेचा नकार काढणें हें न्यायाचें नव्हे. सहीनें लिहिलेलें एक पत्र मात्र आहे. पंडिता रमाबाई यांनीं 'बाँबे गार्डियन' पत्रांत १८९७ सालींच पुण्याच्या प्लेगव्यवस्थेंत स्त्रियांची दुर्दशा कशी होते याविषयीं उघड तक्रार केली होती. त्या कोणत्याही अर्थानें 'केसरी'च्या पक्षाच्या नव्हत्या. आणि स्वतःच्या आश्रमांतील मुलींच्या अनुभवावरून त्या लिहीत होत्या. वजन करावयाचेंच तर या पत्राचें करावें. ज्या स्त्रियांचीं नांवें कोणत्याही कागदांत नाहींत, त्यांच्या बाजूनें बोलणारा इतका स्वच्छ कागद दुसरा आमच्या पाहण्यांत नाहीं. आणि तोही एका वृत्तपत्राच्या पत्रव्यवहारांत पडून आहे.

'केसरी'वरील खटल्यानें या साधनांस आणखी एक विकार जडला. ता. १५ जून १८९७ च्या अंकांतील लिखाणाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा आरोप आला, न्यायमूर्ति स्ट्रेची यांच्यापुढें नऊ पंचांपैकीं सहा युरोपियनांनीं त्यांस दोषी व तिघां हिंदी पंचांनीं निर्दोषी ठरविलें, आणि ता. १४ सप्टेंबर रोजीं अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षीं राजद्रोहाचें कलम अधिक कडक करण्यांत आलें. तेव्हां १८९७ च्या पूर्वार्धांतील मजकूर व १८९८ नंतरचा मजकूर एकाच पत्रांतला असला तरी एका जातीचा नव्हे. पहिला बेधडक, दुसरा शब्द मोजून लिहिलेला. नंतरच्या अंकांत तक्रार नाहीं म्हणून तक्रारीचें कारणही नव्हतें, असें जो मानील तो फसेल.

शिवाय, मूळ अंक दुर्मिळ झाल्यामुळें पुष्कळ अभ्यासक सरकारच्या साप्ताहिक गोपनीय गोषवाऱ्यांवर भिस्त ठेवतात. एतद्देशीय पत्रांतील उतारे इंग्रजींत भाषांतर करून अधिकाऱ्यांपुढें ठेवण्याची ती व्यवस्था होती. हे गोषवारे अमोल आहेत, कारण जीं पत्रें अजिबात नष्ट झालीं त्यांचे तुकडे तेथेंच उरले. परंतु उतारे निवडणाऱ्याची दृष्टि राज्याच्या भीतीची होती. ज्या लेखांत सरकारावर टीका, तो त्याच्या नजरेंत भरे. पाणी उकळून प्या, उंदीर मेलेले दिसतांच घर सोडा, असल्या उपदेशाचें भाषांतर करण्याचें त्यास अगत्य कमी. त्यामुळें केवळ गोषवारे वाचणारास, एतद्देशीय पत्रें साथींत भांडण्यापलीकडे कांहीं करीत नव्हतीं, असें वाटूं लागतें. १९१८ सालच्या राजद्रोह-समितीच्या अहवालांत ता. ४ मे १८९७ च्या 'केसरी'चा उल्लेख आहे, तोही याच दृष्टीनें निवडलेला. भाषांतराच्या अचूकपणाविषयीं तर १९०८ च्या खटल्यांत खुद्द टिळकांनींच भर कोर्टांत वाद घातला होता. मूळ मराठी अंक उपलब्ध असतांना गोषवाऱ्यावरून उतारा देणें, हें अस्सल पत्र हातीं असतां नकलेवर विसंबण्यासारखें आहे.

कोणतीं पत्रें टिकलीं व कोणतीं गेलीं, हाही पारखेचाच भाग होय. ता. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं मुंबईंत सुमारें हजार गिरणीकामगारांनीं आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला केला. तो अडाण्यांचा दंगा म्हणून सर्व अहवालांत नमूद आहे. त्या कामगारांचें म्हणणें काय होतें? त्यांचें मुखपत्र म्हणावें असें पत्र 'दीनबंधु'. त्याचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून कामगारांची संघटना उभारून १८९० सालीं रविवारची सुटी मिळविली होती. ते स्वतः फेब्रुवारी १८९७ मध्यें प्लेगनें वारले. पुढच्याच महिन्यांत, ता. १० मार्च रोजीं, पुण्यांत रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला. 'केसरी'च्या फायली जपल्या गेल्या, 'दीनबंधु'चे अंक आज विरळ आहेत. म्हणून प्लेगचा जो इतिहास आपण वाचतों त्यांत पेठांतील वाड्यांच्या झडत्या ठळक दिसतात, चाळींतील माणूस पुसट दिसतो. हा दोष घटनांचा नव्हे, संग्रहाचा होय. आणि संग्राहकांनीं तो आपल्या पदरीं घेतला पाहिजे.

आतां धंद्याच्या वकिलीचें सर्वांत मोठें उदाहरण पाहूं. त्याचें मूळ पंजाबांत, निकाल लंडनांत, परंतु केंद्र मुंबईंतच होतें. वाल्देमार हाफकिन यांनीं मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत प्लेगची लस तयार केली, व ता. १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ पासून परळ येथील जुन्या लाटवाड्यांत त्यांची प्रयोगशाळा होती. तीस १९२५ सालीं त्यांचेंच नांव मिळालें. ता. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं १०७ जणांस लस टोचली. त्यांपैकीं एकाच बाटलींतून टोचलेले १९ जण धनुर्वातानें मेले. सरकारी चौकशीनें दोष प्रयोगशाळेकडे झुकविला, आणि हाफकिन यांस तेथील मुख्याधिकार सोडावा लागला. वास्तविक, बाटली उघडतांना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध केला गेला नव्हता, ही गोष्ट चौकशीच्याच कागदांत होती. हिवतापाच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविलेले रोनाल्ड रॉस यांनीं १९०७ सालीं ते कागद वाचून 'नेचर' व लंडनच्या 'टाइम्स' या पत्रांतून बाजू मांडली; आणि ता. २९ जुलै रोजीं दहा नामांकित शास्त्रज्ञांच्या सह्यांचें पत्र 'टाइम्स'मध्यें आलें. त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त झाले व त्यांस हिंदुस्थानांत पुन्हा काम मिळालें.

गोखल्यांचें 'मँचेस्टर गार्डियन' व रॉस यांचें 'टाइम्स', हीं दोन प्रकरणें शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत. दोहोंतही हिंदुस्थानांतील अधिकाऱ्यांविरुद्ध विलायतेंतील पत्राचा आश्रय. दोहोंतही अन्याय दूर व्हावा हा हेतु शुद्ध. एक फसलें व एक साधलें. याचें कारण एकाची कळकळ कमी व दुसऱ्याची अधिक हें नव्हे. रॉस यांचा पुरावा छापील होता, त्याच्या कागदावर सरकारचीच मोहोर होती, आणि सह्या करणारांस भिण्याचें कारण नव्हतें. पुण्यांतील पत्रलेखकांजवळ यांपैकीं कांहींच नव्हतें. म्हणजे पडताळ्याची वाट उघडी ठेवणें हें देखील सर्वांच्या हातचें नसतें. ज्यास मान आहे व निर्भयता आहे त्यासच तें परवडतें. ही गोष्ट विसरून आमची वरील कसोटी जो यांत्रिकपणें लावील, त्याच्या इतिहासांत बलवानांचीच बाजू खरी ठरत जाईल. म्हणून कसोटीबरोबर हाही प्रश्न विचारावा, कीं या साक्षीदारास सही करण्याची मुभा होती काय? आणि मुल्कोवालच्या प्रकरणांतही, हाफकिन यांची अब्रू परत मिळविण्यासाठीं रकानेच्या रकाने लिहिले गेले. त्या एकोणीस कुटुंबांचें पत्र कोणत्याही पत्रांत नाहीं, हें नमूद करून ठेविलें पाहिजे.

डॉक्टरांप्रमाणें वैद्यांनींही छापखान्याचा उपयोग केला. शंकर दाजी शास्त्री पदे यांनीं 'आर्यभिषक्' सारखें मासिक चालवून वैद्यांस एकत्र आणलें, व १९०७ सालीं नाशिक येथें आयुर्वेद महासंमेलनाची स्थापना केली. १९१२ च्या मुंबईच्या कायद्यानें पाश्चात्त्य वैद्यकाच्या पदवीधरांचीच नोंदवही केली, तेव्हां वैद्यांची तक्रार अधिक तीव्र झाली. १९३८ च्या कायद्यानें त्यांस नोंदणीची वाट मिळाली. या मधल्या सव्वीस वर्षांचा झगडा मासिकांच्या पानांत आहे. तो वाचतांना मलपृष्ठावरील औषधांच्या जाहिरातीही वाचाव्या. लेखांत शास्त्राचा कैवार व जाहिरातींत रामबाण गुटिका, हा प्रकार वैद्यांच्या पत्रांतच होता असें नव्हे. इंग्रजी पत्रेंही त्यांतून सुटलेलीं नाहींत. पत्राचा खर्च कोण देत होता हें जाहिरातीवरून समजतें, आणि तें समजल्यावर लेखाचें वजन करणें सोपें जातें. दुर्दैवानें, फायली बांधतांना पुष्कळांनीं जाहिरातींचीं पानेंच कापून टाकलीं आहेत.

तात्पर्य, आमची विनंती संग्राहकांस व लेखकांस निरनिराळी आहे. लेखकांनीं उतारा देतांना पत्राचें नांव, तारीख, पान व लेखाचा प्रकार हीं चारही द्यावींत; मूळ अंकावरून घेतला कीं गोषवाऱ्यावरून, हें सांगावें; आणि विरुद्ध मताच्या निदान एका पत्राशीं तो ताडून पाहावा. संग्राहकांनीं कात्रणें न करितां अंक सबंध ठेवावे. जुन्नरी वा दौलताबादी कागदावरचें मोडी पत्र तीनशें वर्षांनींही उलगडतें. लाकडाच्या लगद्याच्या कागदावर छापलेला १८९७ चा अंक मात्र आंतील आम्लामुळें आतांच हातांत भुगा होतो. त्याचें छायाचित्रण होऊन तो संगणकावर उतरला पाहिजे, आणि तो उतरवितांना शेवटचें पानही उतरलें पाहिजे. दोहोंपैकीं घाई कोणत्या कागदाची अधिक आहे, हें उघड आहे. निदान इतकें तरी व्हावें, कीं यापुढें कोणीही रुमाल सोडील तेव्हां आंतील चिठ्ठी वाचण्यापूर्वीं वेष्टनावरची तारीख पाहील, आणि तें 'दीनबंधु'चें पान निघालें तर चिठ्ठी क्षणभर बाजूस ठेवील.